उजव्या गालावरचा तीळ

बाबा हसत होते. तेही तीन मजली.

बस सिग्नलला थांबली होती. मी सवयीप्रमाणे मान वर करून समोरच्या इमारतीवर नवीन काय चढलंय ते बघितलं, आणि तिथे खिडक्यांच्या तीन रांगा झाकून माझे बाबा दात दाखवून हसत होते. "अगं बाई!" मी इतक्या मोठ्यांदा म्हणाले की शेजारच्या बाईंनी आधी स्वतःची पर्स चाचपली आणि मग माझ्याकडे बघितलं. "काय हो, काय झालं?" मी बोटाने दाखवलं. "ते बघा, माझे बाबा!" त्यांनी खिडकीतून वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "छान दिसतात की. मग दचकलात कशाला?" आता काय सांगणार? या माणसाला हसताना बघून मला दोन वर्षं झाली, हे बसमध्ये अनोळखी बाईला सांगायचं? मी पुन्हा वर बघितलं. तेच कपाळ, तेच कान, हसताना डोळ्यांच्या होणाऱ्या त्याच दोन चिरा. आणि बस हलता हलता मला तीळ दिसला. बाबांच्या डाव्या गालावर मिरीएवढा तीळ आहे. लहानपणी मी तो बोटाने दाबायची आणि बाबा तोंडाने घंटी वाजवायचे, कितीही वेळा दाबला तरी न कंटाळता. फलकावरच्या माणसाचा तीळ उजव्या गालावर होता. म्हणजे हे बाबा नव्हतेच. म्हणजे दुसरंच कोणीतरी बाबांचा चेहरा घेऊन शहरभर हसत होतं. मी उठले, दोघांच्या पायांवर पाय दिले, आणि पुढच्या थांब्यावर उतरून चपला फटफटवत मागे पळत सुटले.

माझा धंदाच हा आहे, चित्रांवर संशय घ्यायचा. जाहिरातीच्या कंपनीत छपाईला जाण्याआधी प्रत्येक चित्र माझ्या टेबलावर येतं, आणि त्यातून आपल्याला नको असलेला अर्थ तर निघत नाही ना, हे मी सांगते. शिकले तेव्हा त्याला चिन्हमीमांसा म्हणायचे. ऑफिसात मला नुसतं दुर्बीण म्हणतात. एका दुधाच्या जाहिरातीत जेवणाच्या टेबलाभोवती सगळं कुटुंब खिदळत होतं आणि एक खुर्ची रिकामी राहिली होती. फोटो सुंदर होता, पण ज्याला दाखवावा तो विचारायचा, यांच्यातलं गेलं कोण? ती खुर्ची मी काढायला लावली. एका बँकेच्या चित्रात बापाने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला होता, आणि तो आशीर्वाद कमी आणि पोराला पाण्यात बुडवल्यासारखा जास्त दिसत होता. तो हात मी खांद्यावर आणला. नव्या मुलामुलींना मी शिकवते की चित्रात जे दिसतं ते एक, जे म्हणायचं असतं ते दुसरं, आणि जे कापून टाकलंय ते तिसरं, आणि खरी गंमत तिसऱ्यात असते. हे सांगताना मला अजून अंगावर काटा येतो. हसा खुशाल. आमचा दादा हसतोच. तो म्हणतो, तुला जेवताना मीठदाणी जरी दिली तरी तू विचारशील, ही मला काय सुचवते आहे?

आणि आज, सगळे दिवस सोडून नेमका आज, दादा टेम्पो घेऊन बाबांना न्यायला येणार होता. कायमचं. आई गेल्यापासून बाबा एकटे राहत होते आणि दिवसेंदिवस आत आत जात होते. ते आम्हाला दिसत होतं, निदान मला तरी दिसत होतं, कारण खुणा मी काही फक्त ऑफिसात, पगारापुरत्याच वाचत नाही. फोन केला की "हं. हं. बरं. जेवलीस का?" एवढंच. मला बढती मिळाली ते मी ओरडून सांगितलं, तर म्हणाले, "हं. बरं. जेवलीस का?" माणसाचं मन कुठल्याच गोष्टीत उरलं नाही की असं होतं. टीव्ही लावायचे तो आवाज बंद करून, नुसती हलणारी चित्रं बघत बसायचे. दिवसभर दाराची कडी काढलेली. कोणीही यावं आणि आत शिरावं. मी मैत्रिणींना सांगायची, अगं, ते अजून आईची वाट बघतात, दार लावत नाहीत, आणि सांगताना माझाच आवाज फुटायचा. खुर्चीसुद्धा त्यांनी दाराकडे तोंड करून ठेवली होती. शेवटी मागच्या महिन्यात आम्ही दोघं भावंडं त्यांच्यापुढे बसलो. म्हणजे मी बसले. दादा खिडकीपाशी उभा राहून बराच वेळ बोलला, की आता तुम्ही माझ्याकडे चला, तिथे वेगळी खोली आहे, मुलं आहेत, सोबत होईल, हे घर आपण बंद करू, सामान बांधायला घ्या. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." एक शब्द जास्त नाही. मग जरा वेळाने, "पुस्तकंसुद्धा काढायची?" दादा म्हणाला, हो, सगळंच. मग बाबांनी विचारलं, "आणि खिडक्या?" तेव्हा मात्र मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडून घेतलं. या माणसाला खिडक्याही बरोबर न्यायच्या होत्या. त्या खिडक्यांत आई उभी राहायची ना.

तर असा हा न हसणारा माणूस समोर हसत होता आणि मी एका चपलांच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून धापा टाकत त्याला वाचत होते. आधी अर्थातच तीळ. मग मी केस बघितले. भांग उलटा. मग शर्ट, फिकट निळा. आणि तिथे माझी नजर बटणांच्या पट्टीवर गेली आणि मी त्या पायरीवर चक्क टाळी वाजवली. बटणं बायकांच्या बाजूला होती! पुरुषाच्या शर्टाची बटणं उजवीकडे शिवतात आणि खिसा डावीकडे. इथे खिसाही उजव्या छातीवर आला होता. हातातलं घड्याळ उजव्या मनगटात. फोटो उलटा केला होता. आरशातल्यासारखा सगळाच्या सगळा फिरवला होता. हे आमच्यात सर्रास चालतं. अक्षरं उजवीकडे बसवायची असली की माणसाचं तोंड उजवीकडे पाहिजे, नाहीतर बघणाऱ्याची नजर माणसाच्या नाकावरून घसरून रस्त्यात पडते. मग कोणीतरी एक कळ दाबतं आणि माणूस फिरतो. त्याचा तीळ, त्याचा भांग, त्याचा खिसा सगळं पलीकडे जातं आणि कोणाच्या बापाला कळत नाही. इथे मात्र बापाच्या लेकीला कळलं होतं. दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "ताई, चप्पल बघायची आहे का?" मी म्हटलं, "ते माझे बाबा आहेत! शंभर टक्के!" तो म्हणाला, "बरं मग, त्यांच्यासाठी बघू का?"

छापील कागदाचा वास मला एकदम आला, त्या रस्त्यावर, धूर आणि रबर यांच्यातून वाट काढत. बाबा छापखान्यात मशीनवर होते. आयुष्यभर. लेबलं, पोस्टरं, खोकी. जे बिघडायचं ते घरी यायचं. आमच्या वह्यांना त्या रद्दी छापाची कव्हरं असायची, ज्यांत रंग एकमेकांवर नीट बसलेले नसायचे, आणि साबण लावणाऱ्या बाईला तीन ओठ असायचे, एक लाल, एक निळा आणि एक पिवळा. आई ते कागद फडताळात अंथरायची. आमच्या साखरेच्या डब्याखाली वर्षानुवर्षं एक माणूस उलटा पडून दाढी करत होता. बाबा मला मांडीवर घ्यायचे, खिशातलं छोटं भिंग काढायचे आणि सांगायचे, "बघ, कोणी हसत नाहीये. नुसते ठिपके आहेत." मी भिंगातून बघायची आणि खरंच तिथे कोणी नसायचं. भिंग काढलं की बाई परत हसायची. काय आनंद व्हायचा! माझ्या सगळ्या शिक्षणाचा पाया तिथे आहे, नंतरची जाडजूड पुस्तकं त्यावर नुसती चढवली. बाबा हे सगळं ओरडून सांगायचे. छापखान्यातल्या माणसांना ओरडून बोलायची सवयच असते. आई त्यांच्याशी कधी ओरडून बोलली नाही. ती जवळ जायची, खांद्यावर दोन बोटं टेकवायची आणि मग बोलायची. मला ते फार आवडायचं, कारण शेजारच्या घरांतल्या बायका आतूनच हाका मारायच्या.

खांदा! मी परत वर बघितलं. फलकावरच्या बाबांच्या खांद्यावर एक हात होता. चौकटीच्या काठातून आत आलेला, मनगटाला कापलेला. नाजूक, लांब बोटांचा, नखांना फिकट गुलाबी रंग. तिसरी गोष्ट! कापून टाकलेली! बाई कोण? आणि बाबांचं हसू बघा ना, ते तोंडानं हसलेलं नव्हतं, डोळ्यांनी हसलेलं होतं. "हसा" म्हटल्यावर माणूस असं हसत नाही. मी हजारो खोटी हसू बघितली आहेत, मला कोणी शेंडी लावू शकत नाही. त्यांना कोणीतरी खरोखर हसवलं होतं. आणि मूळ फोटोत, उलटा करण्याआधी, ते डावीकडे बघत असणार. डावीकडे बघणारा माणूस मागे बघतो, उजवीकडे बघणारा पुढे, हे मीच तर शिकवते. म्हणजे ते आधी मागे बघत होते, आणि मग कोणीतरी, गुलाबी नखांचं कोणीतरी, त्यांना फिरवलं. माझं डोकं नुसतं तडतडत होतं. म्हणून ते गप्प होते! म्हणून फोनवर "हं हं"! शेजारी कोणीतरी बसलेलं असणार! आणि आम्ही मूर्ख, त्या माणसाला आज उचलून दुसऱ्या गावी नेणार, आणि तो बिचारा लाजेनं म्हणतोय, तुम्ही म्हणाल तसं. जाहिरात कसली होती म्हणाल, तर कानात घालायच्या यंत्राची. वर ओळ होती, "बोला, ऐकतोय." नेहमीसारखी मचूळ ओळ. मी ती धड वाचलीही नाही. आमच्या कामात ओळ आणि माल यांच्याकडे शेवटी बघायचं असतं.

मी दादाला फोन लावला. "दादा, टेम्पो थांबव."

"का? काय झालं बाबांना?"

"काही नाही झालं. हसतायत! फलकावर आहेत, तीन मजली!"

"शहाणे, मी गाडी चालवतोय. नीट बोल."

"जाहिरातीत आहेत रे बाबा! आधी मलाही वाटलं नाहीत, पण बटणं उलटी आहेत."

"कोणाची बटणं?"

"बाबांची! आणि खांद्यावर एका बाईचा हात आहे."

पलीकडे गाड्यांचे भोंगे ऐकू आले. मग दादा अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? उन्हातून चालली आहेस का? पाणी पी. मी पोचतोच आहे." आणि त्याने फोन ठेवला. मी फलकाचा फोटो काढला आणि निघाले. बाबांचं घर तिथून चालत जाण्यासारखं होतं, पण मी चालले कसली, रस्ता माझ्या पायांखालून मागे फेकत गेले. वाटेतली प्रत्येक जाहिरात मला बघून डोळा मारत होती. दातांची पेस्ट, विम्याची छत्री, पायमोज्यांची टांग. सगळी माझीच माणसं. आणि मला सारखं वाटत होतं की मी वेळेवर पोचले पाहिजे, दादाच्या आधी. बाबांना विचारलं पाहिजे, की कोण आहे ती? काही हरकत नाही, आईलाही हरकत नसती. हरकत असती कदाचित थोडीशी, पण चालून गेलं असतं. जिना चढताना मला चक्क हसू फुटत होतं. बाबा! ओठांवरचं दूध सुकलेलं नसल्यासारखे लपवाछपवी करत होते!

दार उघडं होतं. बाबा माझ्याकडे पाठ करून स्टुलावर उभे होते आणि भिंतीवरचा आरसा खिळ्यावरून काढत होते. खोलीभर खोकी. पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने नीट बांधलेले, फर्निचर सगळं मध्ये ओढलेलं आणि त्यावर जुन्या चादरी. "बाबा!" मी हाक मारली. ते वळले नाहीत. हे नेहमीचंच होतं. हल्ली दोन-तीन हाकांशिवाय ते आपल्या विचारांतून बाहेर येत नसत. मी वळसा घालून पुढे गेले. "अरे, तू?" ते जोरात म्हणाले. "आज ऑफिस नाही?" मी आरसा त्यांच्या हातून घेऊन भिंतीला टेकवला, आणि मग माझी गाडी सुटली. खोलीत येरझाऱ्या घालत, खोक्यांना ठेचकाळत, मी फलक, तीळ, भांग, खिसा, डावीकडे बघणं, उजवीकडे बघणं, सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "आता खरं सांगा, कोण आहे ती?"

"हं," बाबा म्हणाले. "हं. बरं. जेवलीस का?"

मी फोनवरचा फोटो त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी खाली उतरून स्टुलावरच बसत चष्मा वर केला, खाली केला, आणि कानांपर्यंत लाल झाले. "आई गं! एवढा मोठा लावला? मला म्हणाले होते, छोटंसं पत्रक आहे!" आणि मग कितीतरी दिवसांत बोलले नव्हते इतकं बोलले. खाली कोपऱ्यावर फोटोचा स्टुडिओ झाला होता. तिथली एक मुलगी त्यांना बाकावर बसलेलं बघायची, ती एक दिवस येऊन म्हणाली, आजोबा, चेहरा छान आहे, येता का? ते गेले. पावडर लावली, निळा शर्ट दिला. "आणि ही?" मी हातावर बोट ठेवलं. बाबा त्या हाताकडे बघून असे हसले की स्टूल हललं. "ती? तो दिवे धरणारा माणूस! हाताचे फोटो काढायला जी बाई यायची होती ती आलीच नाही. मग सगळ्यांचे हात बघितले, त्याचेच सगळ्यात नाजूक. त्याची नखं रंगवली. एवढ्या मिशा त्याला!" त्यांनी दोन्ही हातांनी मिशा दाखवल्या. माझी गुलाबी नखांची सावत्र आई तिथल्या तिथे मिशा लावून निघून गेली. मला इतकं हसू आलं की मी खोक्यावर बसले.

"पण हसू खरं आहे," मी म्हटलं. "ते तर खरं आहे ना?"

"एकदम खरं. सांगतो. मला हसायलाच येईना. स्टुडिओतले लोक मागे उभे राहून काय करावं ते ठरवत होते. मग तो दिवेवाला आला, त्याने ते यंत्र माझ्या कानात बसवलं, आणि त्याचं काय बटण असतं ते दाबलं. तर मागून आवाज! स्वच्छ! कोणीतरी म्हणतंय, म्हातारा गोड आहे रे, पण तोंड बघ, विजेचं बिल आल्यासारखं. दुसरा म्हणतो, हळू बोल. पहिला म्हणतो, छे रे, त्याला कुठे काय कळतंय. आणि त्याच्या पोटात एवढी गुरगुर झाली, एवढी, की मला तीसुद्धा ऐकू आली. मग मला राहवेना." बाबा डोळे पुसत होते. "त्यांना वाटलं, मी अभिनय करतोय."

मी पाणी प्यायला पेला शोधत एका खोक्यात वाकले होते. वाकल्या वाकल्याच मी विचारलं, "म्हणजे ते यंत्र खरोखर चालू होतं?" उत्तर आलं नाही. मी परत विचारलं. उत्तर नाही. मी सरळ झाले. बाबा पाठमोरे, फोन हातात धरून स्वतःकडे बघत होते, भिंतीला टेकवलेल्या आरशापुढे. मला काय सुचलं कोण जाणे. मी त्यांच्या पाठीला, अगदी साध्या आवाजात म्हटलं, "बाबा, घराला आग लागली आहे."

बाबा फोटोतला तीळ अंगठ्याने पुसून बघत होते.

आणि मग ते सगळं एकदम माझ्यावर आलं. दार उघडं असतं कारण घंटी ऐकू येत नाही. खुर्ची दाराकडे असते कारण आलेलं माणूस दिसावं लागतं. टीव्ही मुका, कारण बोलका करून फायदा काय? फोनवरचा हं, बरं, जेवलीस का. कुठल्याही वाक्यावर चालून जातं ते, मी दोन वर्षं त्याला शोक म्हणत होते! मशीनच्या धडधडाटात घालवलेलं आयुष्य. आईची खांद्यावरची दोन बोटं. आई घरातला फोन स्वतः घ्यायची, पाहुणे बोलले की त्यांचं वाक्य बाबांच्या तोंडासमोर तोंड नेऊन पुन्हा म्हणायची, आणि आम्ही तिला चिडवायचो की आई सगळ्यांची री ओढते. आई गेली तशी सगळ्यांची वाक्यं त्यांच्यापर्यंत पोचायचीच थांबली. आणि तीन मजली अक्षरांत शहराच्या मध्यभागी लिहिलं होतं की या माणसाच्या कानाला यंत्र लागतं, चित्रात ते कानामागे दिसतही होतं, आणि मी, दुर्बीण, त्याच्या शर्टाची बटणं मोजत उभी होते. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. अंगातून वीज गेल्यासारखं झालं, कारण बाबा कुठे आत आत गेलेच नव्हते! ते इथेच होते, शाबूत, गोष्टी सांगायला टपलेले, फक्त कोणी त्यांना हाक मारली नव्हती.

मी जवळ गेले आणि त्यांच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली.

बाबा झटक्यात वळले. असे वळले, असा चेहरा करून, की मी एक पाऊल मागे सरले. क्षणभर त्यांनी माझ्या जागी दुसऱ्याच कोणाला तरी बघितलं. मग मला बघितलं. "ती अशी हाक मारायची," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू होता.

"केव्हापासून ऐकू येत नाही, बाबा?" मी त्यांच्या समोर तोंड धरून, एक एक शब्द ओठांवर ठेवून विचारलं.

त्यांनी उगीच सुतळीचा तुकडा उचलला, बोटाला गुंडाळला. "तिला माहीत होतं. मी म्हणायचो, यंत्र घेऊ या का? तर म्हणायची, यंत्र कशाला, मी आहे ना." मग म्हणाले, "तुम्ही दोघं आधीच एवढ्या काळजीनं बघता. म्हटलं, त्यात आणखी बहिरा. त्या दिवशी स्टुडिओत वाटलं होतं, ते यंत्र मागून घ्यावं. पण काम झालं, त्यांनी काढून घेतलं. हसले असते."

"मी आणते," मी म्हटलं. "उद्याच. नाही, आजच. कोण हसतंय बघू!" मी इतकी जोरात बोलले की त्यांना तसंही ऐकू गेलं असावं. आम्ही दोघं हसत होतो आणि मी त्यांचा तीळ दाबला, आणि या वयात, खोक्यांच्या ढिगात, बाबांनी तोंडाने घंटी वाजवली.

तेवढ्यात खाली टेम्पोचा दरवाजा आपटला. खरं सांगते, मी त्या खोक्यांना विसरूनच गेले होते. दादा जिना चढून दारात आला, घामाघूम, आणि बाबा पुन्हा आरशाकडे वळले होते. "बाबा, झाली का तयारी?" दादा त्यांच्या पाठीला म्हणाला. बाबा आरशावरची धूळ बाहीने पुसत राहिले. दादाने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला पाठ होती. बघितलंस ना कसे झालेत, अशी. मी बोट ओठांवर ठेवलं, मग त्याच्याकडे बघून स्वतःच्याच खांद्यावर दोन बोटं टेकवून दाखवली. "काय?" मी पुन्हा दाखवलं. दादा वैतागून पुढे गेला आणि त्याने बाबांच्या खांद्यावर बोटं टेकवली.

बाबा वळले. "अरे वा, आलास? बरं झालं. हे कपाट मला एकट्याला हलत नव्हतं. रंगारी कधी येणार?"

"कोण रंगारी?"

"म्हणजे काय? घराला रंग द्यायचाय ना? तुम्हीच तर येऊन सांगून गेलात, सगळं काढा, बांधा. पुस्तकांपासून सगळं बांधलंय बघ."

खिडक्या. आणि खिडक्या? बाबांनी तेव्हा विचारलं होतं, आणि मी नळ सोडून रडले होते. दादा मटकन खोक्यावर बसला. मी त्याला चार वाक्यांत सांगितलं, कान, आई, दार, फोन. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा आमच्या लहानपणीच्या छापासारखा झाला, एकावर एक न बसणारे तीन रंग. "मी खिडकीकडे तोंड करून बोललो होतो," तो म्हणाला. "त्यांच्याकडे बघून मला सांगवतच नव्हतं गं. डोळ्यांत पाणी येत होतं, ते दिसू नये म्हणून मी..."

"आता बघून सांग," मी म्हटलं.

दादा उठला. बाबांच्या समोर उभा राहिला. त्याने डोळे पुसले नाहीत. "बाबा," तो सावकाश म्हणाला, "रंग नाही. तुम्ही माझ्याकडे राहायला यायचं ठरलं होतं. कायमचं. हे घर बंद करून."

बाबांनी त्याच्या ओठांकडे बघितलं, मग खोक्यांकडे, मग माझ्याकडे. "आणि मी हो म्हणालो?"

"हो."

"छे!" बाबा म्हणाले. मग दादाचा चेहरा बघून त्यांनी त्याच्या गालावर थोपटलं. "येईन की रे, राहायला. चार दिवस. तुझ्या पोरांना स्टुडिओची गंमत सांगायचीय. पण कायमचं? इथे मला काम आहे. ती मुलगी म्हणाली, पुढच्या वेळी डॉक्टर करणार मला." त्यांनी आरसा उचलला, स्टुलावर चढले आणि तो परत खिळ्यावर टांगला. जरा तिरका लागला. ते सरळ करायला लागले, आणि आरशात मला फलकावरचा माणूस दिसला, उजव्या गालावर तीळ असलेला, डोळ्यांच्या दोन चिरा करून हसणारा.

"रंग मात्र द्यायचाच," आरशातून आमच्याकडे बघत, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा बाबा म्हणाले. "एवढं सगळं बांधलंय मी. आणि खिडक्यांनासुद्धा."